शुक्राजवळची खुर्ची

सोमवारी ग्रहांना सुट्टी असते. निदान त्या दालनातल्या तरी. बाकीचे सहा दिवस बुधापासून शनीपर्यंत सगळे सकाळी दहाला कामावर हजर, आणि त्यांची देखभाल करणारा माणूस त्याच्याही अर्धा तास आधी. या माणसाला शाळेची पोरं वजनकाका म्हणत. पोरांचं ऐकून मास्तर तसंच म्हणायला लागले, मास्तरांचं ऐकून दालनाच्या मुख्य बाई, आणि मग खरं नाव फक्त नोकरीच्या कागदांत उरलं.

काका काही शास्त्रज्ञ नव्हते. ते काटे दुरुस्त करणारे. गोदामातले, दवाखान्यातले, भाजीबाजारातले वजनकाटे उघडायचे, साफ करायचे, वीस किलोचं लोखंडी वजन ठेवून पडताळायचे, ही त्यांची विद्या. तेहेतीस वर्षांपूर्वी एक म्हातारे प्राध्यापक त्यांच्या दुकानात आले आणि म्हणाले, मला सात काटे हवेत, पण एकाच माणसाचं वजन सातही काट्यांवर वेगवेगळं दिसलं पाहिजे. काकांना वाटलं, हा माणूस एक तर लबाड व्यापारी असणार, नाही तर वेडा. निघाला तो तिसराच. त्याला एका लांबलचक खोलीत छपराला ग्रहांचे गोळे टांगायचे होते आणि प्रत्येकाखाली एक काटा ठेवायचा होता. बुध, शुक्र, पृथ्वी, चंद्र, मंगळ, गुरू आणि शनी. पोरांनी काट्यावर चढायचं आणि त्या जगात आपलं वजन किती भरलं असतं ते वाचायचं. काकांनी काटे बनवून दिले आणि मग त्यांच्याबरोबर स्वतःही तिथेच राहिले.

आतून सातही काटे सारखेच होते. फरक फक्त तबकडीवर रंगवलेल्या आकड्यांचा. हे काका पोरांना सांगत नसत, कारण चंद्राच्या काट्यावर चढताना पोरं अंग हलकं करून चढायची आणि ते बघायला काकांना आवडायचं. प्राध्यापक मात्र जाण्याआधी त्यांना बजावून गेले होते, "लक्षात ठेव, इथे सगळीकडे पृथ्वीच ओढते आहे. आपण आकडे बदललेत, ओढ नाही बदललेली."

प्रत्येक काट्याशेजारी भिंतीत एक तांब्याचा पत्रा बसवला होता, त्या जगाची ऊब हाताला कळावी म्हणून. शुक्राच्या पत्र्यामागे दोन मोठे दिवे, मंगळाच्या पत्र्यामागे रोज सकाळी भरायचा बर्फाचा डबा. खऱ्या शुक्राचं तापमान दाखवायचं तर पोरांचे हातच भाजायचे, तेव्हा बेताबेतानेच.

प्राध्यापकांनी शिकवलेलं सगळं काकांनी आपल्या भाषेत बसवून घेतलं होतं. ग्रहावर आपलं वजन किती भरेल हे दोन गोष्टींवर ठरतं, ते सांगायचे. ग्रहात माल किती आहे, आणि आपण त्याच्या मध्यापासून किती लांब उभे आहोत. माल वाढला की ओढ वाढते, लांब गेलं की ओढ घटते. आता हा शनी बघा. याच्यात पंच्याण्णव पृथ्व्यांचा माल आहे, पण स्वारी इतकी फुगलेली की मध्यापासून नऊ पट लांब उभं राहावं लागतं, आणि तेही जमीन असती तर. म्हणून वजन जवळपास घरच्याइतकंच. बडा घर, पोकळ वासा. उलट हा बुध. मंगळाहून लहान, पण आत लोखंड ठासून भरलेलं, म्हणून दोघांवर वजन सारखंच. मूर्ती लहान पण कीर्ती महान.

मग पत्र्यांकडे वळायचं. सगळ्यांत तापलेला कोण, असं विचारलं की पोरं एका सुरात बुध म्हणायची, कारण तो सूर्याच्या सगळ्यांत जवळ. काका मान हलवायचे आणि त्यांना शुक्राच्या पत्र्यावर हात ठेवायला लावायचे. शेगडीपासून कोण किती लांब बसलंय एवढ्यावरच ऊब ठरत नाही, पोरांनो, अंगावर पांघरूण काय आहे त्यावरही ठरते. बुध शेगडीला चिकटून बसलाय, पण उघडा. दिवसा भाजतो, रात्री गारठतो. शुक्र मागे बसलाय, पण हवेच्या दुलईत गुरफटून, आलेली ऊब बाहेर सोडतच नाही. आणि हा मंगळ. लहान चणीचा. ओढ कमी, म्हणून हवा धरून ठेवायला जोर नाही. आणखीही कारणं आहेत, ती मोठ्या वर्गात शिकाल. पण हवा हळूहळू निसटली, हवा गेली तसं पांघरूण गेलं, पांघरूण गेलं तशी थंडी आली.

इतकं झालं की प्रत्येक पोराला एक छापील कार्ड मिळायचं. त्यावर सात जगांची नावं, नावासमोर रेघ. रेघेवर वजन लिहायचं आणि घरी न्यायचं.

हे सगळं पहिल्यांदा पूर्ण ऐकून घेतलं ते काकांच्या बायकोने. लग्नाला आठवडाही झाला नव्हता. काकूंचं वजन तेव्हा पन्नास. गुरूच्या काट्यावर काटा सव्वाशेवर गेला तशा त्या खाली उतरल्या आणि म्हणाल्या की या सासरी मी पुन्हा पाऊल टाकणार नाही. पण दर वर्षी टाकायच्या. एक सोमवार ठरलेला असे. काका त्यांना सातही जगांत फिरवून आणायचे आणि कार्ड भरून द्यायचे. पुढे लेक झाली, तीही यायची. मग लेक लग्न होऊन लांबच्या शहरात गेली आणि पुन्हा दोघंच उरली. काकूंना ते पाढे इतके पाठ झाले होते की काटा थांबायच्या आधी त्या उत्तर सांगायच्या. चंद्रावर सहावा हिस्सा, मंगळावर आणि बुधावर आठातले तीन, गुरूवर अडीच पट. काका हसून म्हणायचे, तूच ये उद्यापासून, मी घरी भाजी चिरतो.

मग काकूंचं पोट दुखायला लागलं. दुखतं तसं दुखत असेल म्हणून महिना गेला, औषधाच्या दुकानातल्या गोळ्यांत दुसरा गेला. तिसऱ्या महिन्यात तपासण्या झाल्या आणि पोटाच्या डॉक्टरांनी काळी फिल्म उजेडावर धरून जठरातली गाठ दाखवली. गाठ काढता येण्यासारखी होती. पण काढायची ती ज्या शरीरातून, त्या शरीराने ते सोसायला हवं. काकू अडतीस किलोवर आल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "चाळीसच्या खाली मी हात लावणार नाही. सहा आठवडे घ्या. वजन आलं तर कापू. आणखी उतरलं तर मग फक्त दुखणं कमी करायचं बघू." दुखणं कमी करायचं म्हणजे काय, ते काकांनी विचारलं नाही आणि काकूंनी तर नाहीच.

घरी काटा नव्हता. सुताराच्या घरी मोडकी खाट म्हणतात तशातली गत. तेव्हा ठरलं की दर सोमवारी काकूंनी दालनात यायचं आणि पृथ्वीच्या काट्यावर वजन करायचं. काकांचा आपल्या काट्यावर विश्वास होता. तेहेतीस वर्षांत तो शंभर ग्रॅमनेही खोटं बोलला नव्हता. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला वीस किलोचं वजन ठेवून ते बघायचे आणि काटा वीसवर येऊन गप्प उभा राहायचा.

पहिल्या सोमवारी तो सदतीस पूर्णांक चारवर थांबला. काकूंनी आठवडाभर मऊ भात, उकडलेलं अंडं, दुधातला पाव, जे मिळेल ते घास घास करून खाल्लं होतं, आणि तरी सहाशे ग्रॅम गेले होते. संध्याकाळी त्यांनी ताट बाजूला सारलं. मंगळवारी दोन चमचे खाल्ले, बुधवारी तेही नाही. म्हणाल्या, खाऊनही जातंय तर मग खायचं कशाला. काकांनी समजूत घातली, रागावून पाहिलं, शेवटी स्वतःचंही ताट उचलून ठेवलं आणि न जेवता उठले. असे तीन दिवस गेले.

माणसाला शहाणपण सुचायला जन्म लागतो, मूर्खपणा हातासरशी सुचतो. काकांना तो शनिवारी दुपारी, पृथ्वीच्या काट्याची धूळ पुसताना सुचला. काट्याच्या पोटात एक स्प्रिंग असते आणि तिच्या वरच्या टोकाला एक मळसूत्री खुंटी. खुंटी आत फिरवली की स्प्रिंगचे काही वेढे जखडले जातात आणि ती कडक होते. बाहेर फिरवली की वेढे मोकळे होतात, स्प्रिंग नरम पडते, आणि नरम स्प्रिंग थोड्या वजनालाही जास्त ताणली जाते. काटा पुढे पळतो. रिकाम्या काट्यावर काही कळत नाही, शून्य शून्यावरच असतं. काकांनी विचार केला, आकडा वाढलेला दिसला तर ती खाईल. खाल्लं तर वजन खरंच वाढेल. वजन वाढलं की खुंटी परत जागेवर. म्हणजे खोटं बोलायचं ते फक्त खरं होईपर्यंत. हिशेब त्यांना इतका चोख वाटला की त्या रात्री त्यांना आठवड्यात पहिल्यांदा धड झोप लागली.

दुसऱ्या सोमवारी ते नऊलाच दालनात गेले, पेन्सिलने खुंटीवर मूळ जागेची खूण केली आणि पाना लावला. स्वतः चढून, उतरून, तीन वेळा पाहिलं. दहाला रखवालदार काकूंना हाताला धरून आत घेऊन आला. काकांनी आधी शुक्राचे दिवे लावून ठेवले होते, कारण काकूंना हल्ली सारखी थंडी वाजायची. घाम फुटेल अशा दिवसांतही दोन स्वेटर. पत्र्याशेजारी त्यांच्यासाठी एक लाकडी खुर्ची ठेवलेली असे. तिच्यावर बसून, तळहात पत्र्याला टेकवून काकू आपल्या नेहमीच्या सुरात म्हणाल्या, "माझं मंगळासारखं झालंय बघा. अंगात काही राहिलं नाही, ऊब कुठून टिकणार."

काका म्हणाले की आधी वजन तर बघू. काटा अडतीसवर थांबला.

काकूंनी काट्याकडे पाहिलं, मग काकांकडे, मग आपल्या मनगटाकडे. हळू म्हणाल्या, "वाढलं म्हणायचं." आणि मग, "चहा आणता का कोपऱ्यावरचा? चालून दमले." काका पोरासारखे धावत गेले. परत येईपर्यंत पंधरा मिनिटं लागली, कारण चहावाल्याला त्यांनी आकडा सांगितला आणि त्याने तो आणखी दोघांना सांगितला.

त्या संध्याकाळी काकू जेवल्या. पूर्ण वाटी भात, अंडं, वरून दूध. काका समोर बसून प्रत्येक घास गिळला जाईपर्यंत बघत होते आणि स्वतःही पोटभर जेवले. जेवण झाल्यावर काकू न्हाणीघरात गेल्या आणि बराच वेळ नळ चालू राहिला. काकांना वाटलं, हात धुतेय, तिला पहिल्यापासून स्वच्छतेचं वेड.

तिसऱ्या सोमवारी साडेअडतीस. चौथ्या सोमवारी एकोणचाळीस. दर वेळी काकूंकडे बघून, जन्मभराच्या सवयीच्या अंदाजाने खुंटी आणखी थोडी फिरवावी लागे आणि काकूंना घरी पाठवलं की परत खुणेवर आणावी लागे. आपण किती फिरवतोय यावरून खरं वजन किती उतरलंय हे काकांना न कळायला ते काही दूधखुळे नव्हते. हातातल्या पान्याला सगळं कळत होतं. पण माणूस डोळ्यांवर कातडं ओढून बसला की त्याला हातही समजावू शकत नाहीत. ती जेवतेय ना, मग आज ना उद्या अंगी लागेल, एवढंच ते घोकत राहिले. रविवारी लेकीचा फोन आला की पहिल्यांदा आकडा सांगायचे. लेक जरा थांबून म्हणायची, छान झालं बाबा.

चौथ्या सोमवारी एक घोटाळा झाला. काकू शुक्राच्या पत्र्याशी बसल्या होत्या, त्यांना भोवळ आली आणि काकांनी त्यांना तसंच उचलून गाडीतून घरी नेलं. खुंटी परत फिरवायची राहून गेली. मंगळवारी एका शाळेची दोन तुकड्यांची सहल आली. सगळी पोरं पृथ्वीवर लठ्ठ झाली. कवायतीच्या मास्तरांनी दोन महिने साखर सोडली होती आणि ते घरी ब्याऐंशी किलोवर आले होते. ते नव्वद भरले. मास्तर तीनदा चढले, बूट काढून चढले, पट्टा काढून चढले, पोरं हसून लोळायची बाकी राहिली, आणि शेवटी मास्तर तक्रार घेऊन मुख्य बाईंकडे गेले. बाई स्वतः खाली आल्या. काटा असा कसा दाखवतो, त्यांनी विचारलं. काका खाली बघत म्हणाले, काटाच बिघडला असेल. तेहेतीस वर्षांत त्यांनी काट्यावर खापर फोडायची ही पहिली वेळ. बाई गेल्यावर त्यांनी खुंटी खुणेवर आणली, वीस किलोचं वजन ठेवलं, काटा वीसवर येऊन उभा राहिला, आणि काकांना त्या तबकडीकडे बघवेना.

पाचव्या सोमवारी साडेएकोणचाळीस, सहाव्या सोमवारी चाळीस पूर्णांक दोन. काकांनी तो आकडा पोरांसमोर सांगतात तसा मोठ्याने सांगितला, रिकाम्या दालनात तो दोनदा ऐकू आला. काकू हसल्या. मग नेहमीसारखं म्हणाल्या, चहा आणा.

बुधवारी ते डॉक्टरांकडे गेले. तोपर्यंत काकांनी या बुधवारचा विचार केला नव्हता असं नाही. केला होता आणि बाजूला सारला होता. दवाखान्यातल्या काट्यावर परिचारिकेने काकूंना उभं केलं. चौतीस पूर्णांक एक.

डॉक्टरांनी कागद पाहिला. मागच्या वेळी अडतीस होतं, ते म्हणाले, आणि काल फोनवर तुम्ही चाळीस सांगितलंत. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. ज्या माणसाने जन्मभर इतरांचे काटे ठीक केले तो म्हणाला, "तुमचा काटा तपासून घ्या, साहेब. काटे बिघडतात. माझ्याकडे वीस किलोचं वजन आहे, मी आत्ता जाऊन घेऊन येतो." बोलत बोलत ते खरोखर खाली वाकले आणि काट्याच्या मागचा स्क्रू चाचपायला लागले. परिचारिका डॉक्टरांकडे बघत राहिली. डॉक्टर सभ्य होते. त्यांनी काकांना उठा म्हटलं नाही. काकूंनाच विचारलं, वजन कधीपासून आणि कसं उतरत गेलं, काही अंदाज आहे का, त्यावर पुढचं औषध ठरवायचंय.

काकूंनी पर्स उघडली आणि त्यातून दालनातलं एक छापील कार्ड काढलं. पुढची बाजू कोरी होती. मागे पेन्सिलने एकाखाली एक पाच आकडे होते.

"हे चंद्रावरचे आहेत, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "सहाने गुणा."

सहा पूर्णांक दोन. सहा पूर्णांक एक. पाच पूर्णांक नऊ. पाच पूर्णांक आठ. पाच पूर्णांक सात. डॉक्टरांनी गुणले, कागदावर उतरवून घेतले. शेवटचा चौतीस पूर्णांक दोन आला. त्यांनी मान हलवली आणि पेनचं टोपण लावलं. गाठ काढायची गोष्ट त्या दिवशी पुन्हा निघाली नाही. दुखणं कमी करायच्या गोळ्यांची नावं लिहून त्यांनी चिठ्ठी काकूंच्या नव्हे, काकांच्या हातात दिली.

काका अजून काट्याशी गुडघ्यावर होते. त्यांना सगळं एका क्षणात कळलं. चंद्राची तबकडी त्यांनीच बारीक आखली होती, शंभर शंभर ग्रॅमच्या रेघांनी. तिच्या खुंटीला त्यांनी हात लावला नव्हता, कारण आजारी माणसाचं वजन चंद्रावर कुणी करतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. जिला सहाचा पाढा त्यांनीच तेहेतीस वर्षं पढवला होता तिच्यापासून त्यांनी पृथ्वी लपवली होती. आणि चहा आणायला जाताना दर वेळी दार त्यांनी स्वतःच्या हाताने लावून घेतलं होतं.

बाहेर बाकावर दोघं बसली. गर्दी होती, नंबर पुकारले जात होते. काकांनी विचारलं की तिला पहिल्यांदा कधी कळलं. दुसऱ्याच सोमवारी, काकू म्हणाल्या. घड्याळ कोपरापर्यंत वर चढतंय आणि काटा म्हणतोय वजन वाढलं, मग चंद्राला विचारून बघितलं. लेकीलाही त्याच आठवड्यात सांगितलं होतं. ती पुढच्या महिन्यात येतेय, रजा टाकलीये.

"मग जेवत का होतीस?" काकांनी विचारलं.

"तुम्ही जेवत होता म्हणून. मी ताट सारलं की तुम्हीही सारायचा."

"दुखायचं का?"

काकूंनी समोरच्या भिंतीकडे बघत सांगितलं, अगदी शेजारणीला भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात. प्रत्येक घास काच गिळल्यासारखा जायचा. जेवण झालं की न्हाणीघरात जाऊन बहुतेक सगळं बाहेर पडायचं. आवाज ऐकू जाऊ नये म्हणून त्या नळ सोडून ठेवायच्या.

काकांना तो नळ आठवला. महिनाभर, रोज दोन वेळा. एकदा तर त्यांनी बाहेरून ओरडून सांगितलंही होतं की पाणी फार वाया जातंय. त्यांना तिथे, त्या बाकावर, सगळ्या माणसांसमोर रडू आलं आणि त्यांनी ते थांबवलं नाही. त्यांच्या हिशेबाने तिला काय दिलं होतं? गाठ होती तिथेच होती, वजन जायचं ते गेलंच. त्यांनी फक्त तिची दिवसातली दोन दुखणी वाढवली होती आणि वर समोर बसून ती मोजली होती. काकूंनी त्यांना रडू दिलं. त्यांच्यात पाठीवरून हात फिरवण्याइतकी ताकद नव्हती, म्हणून हात नुसता ठेवला.

पुढच्या सोमवारी काकूंनी दालनात जायचं म्हटलं. काकांना पुन्हा त्या काट्याचं तोंड बघायचं नव्हतं, पण नाही म्हणायचं बळही नव्हतं. जिन्याच्या चार पायऱ्या रखवालदाराने काकूंना जवळजवळ उचलूनच चढवलं. काकूंनी सांगितलं, आधी वीस किलोचं ठेवा, मला बघू दे. काकांनी कोपऱ्यातून लोखंडी वजन आणलं, पृथ्वीवर ठेवलं. काटा वीसवर येऊन उभा राहिला. मग काकू चढल्या. एका हाताने त्यांनी काट्याची दांडी धरली होती, काका म्हणाले दांडी सोड, नाही तर वजन बरोबर येत नाही. सवयीने तोंडातून निघून गेलं. काकूंनी दांडी सोडली.

"वाचा," त्या म्हणाल्या. "मोठ्याने वाचा."

काकांनी वाचलं. "तेहेतीस पूर्णांक सहा."

"बरोबर आहे," काकू म्हणाल्या. काकांनी धरून त्यांना खाली उतरवलं. तशाच त्यांच्या दंडाला धरून उभ्या राहत त्या म्हणाल्या, "आता घरी गेल्यावर मला जेवायला लावू नका."

काकांनी पृथ्वीच्या तबकडीकडे पाहिलं. काटा शून्यावर परत आला होता. काही तरी म्हणावं, थोडं दूध तरी घे म्हणावं, असं त्यांच्या ओठांपर्यंत आलं. तेहेतीस वर्षं ते पोरांना सांगत आले होते की कशाने काय घटतं आणि कशाने काय वाढतं, आणि यातलं एकही वाढवायचं कसं हे त्यांना माहीत नव्हतं.

"नाही लावणार," ते म्हणाले.

मग त्यांनी शुक्राचे दिवे लावले आणि खुर्ची पत्र्याच्या आणखी जवळ सरकवून काकूंना बसवलं. सवयीने कोपऱ्यावर जाऊन दोन कप चहा आणला. या वेळी त्यांनी दार उघडंच ठेवलं होतं. चहावाल्याने विचारलं, आज किती, तेव्हा त्यांनी खरा आकडा सांगितला आणि चहावाला किटली हातात तशीच धरून राहिला. परत आले तेव्हा काकू दोन्ही तळहात तांब्याला लावून डोळे मिटून बसल्या होत्या आणि तरी त्यांचे खांदे थंडीने हलत होते. काकांनी घरून आणलेला आपला स्वेटर त्यांच्या अंगावर घातला. तो तिसरा. मग शेजारी जमिनीवर बसून त्यांनी दोन्ही कप एकट्यानेच संपवले.